गोळीने गुण आला नाही, आता पुढे काय?

प्रश्न : माझे वय ६२ आहे. नऊ महिन्यांपूर्वी कर्करोगामुळे माझी प्रोस्टेट ग्रंथी संपूर्ण काढण्यात आली. पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाचा माग काढणारी रक्तचाचणी) आता नगण्य आहे आणि लघवीवरचा ताबाही परत आला आहे. मात्र लिंगाला संबंधापुरती ताठरता येत नाही. एका बाजूच्या नसा राखल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. सिल्डेनाफिलची ५० मिलिग्रॅमची गोळी तीनदा घेतली, पण उपयोग झाला नाही. पंप, इंजेक्शन आणि इम्प्लांट (शस्त्रक्रियेने लिंगात बसवायचे साधन) यांपैकी मी काय निवडावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताठरतेचा संदेश नेणाऱ्या नसा प्रोस्टेटला अगदी चिकटून जातात. त्या राखल्या तरी शस्त्रक्रियेतील ओढाताणीने त्या दीर्घकाळ सुस्तावतात आणि सावरण्यास दीड ते दोन वर्षेही लागू शकतात. नऊ महिन्यांवर निकाल लावण्याची घाई म्हणूनच नको.

गोळीविषयी आधी सांगतो, कारण तिची आपण पुरती परीक्षा घेतलेली नाही. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी, तेलकट जेवण टाळून घ्यावी लागते, आणि मनात इच्छा व स्पर्श नसेल तर ती काहीच करत नाही. डॉक्टरांच्या संमतीने १०० मिलिग्रॅमच्या मात्रेवर सहा-आठ वेळा प्रयत्न झाल्याशिवाय तिला निरुपयोगी ठरवू नये. टॅडालाफिल या त्याच जातीच्या दुसऱ्या गोळीचा परिणाम ३६ तासांपर्यंत टिकत असल्याने घड्याळाकडे पाहण्याची वेळ येत नाही. मात्र छातीत दुखते म्हणून आपण सॉर्बिट्रेट किंवा तत्सम नायट्रेट औषध घेत असाल, तर यांपैकी कोणतीही गोळी घेऊ नये; रक्तदाब जीवघेणा खाली येऊ शकतो. (औषधाच्या दुकानात हे सहसा कोणी विचारत नाही, आणि गिऱ्हाईकही लाजेने सांगत नाही.)

या गोळ्यांना नसांकडून निदान थोडा तरी संदेश लागतो. पंप आणि इंजेक्शन यांना तो लागत नाही, हा मुख्य भेद आहे. पंप हवा काढून रक्त आत ओढतो आणि मुळाशी बसवलेली कडी ते धरून ठेवते. ही कडी अर्ध्या तासाच्या आत काढलीच पाहिजे. लिंग थोडे गार पडते आणि मुळाशी डगमगते, म्हणून अनेकांना हा प्रकार कृत्रिम वाटतो. पण खर्च एकदाच होतो आणि औषध पोटात जात नाही. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

इंजेक्शनचे नाव काढताच पुरुष दचकतात. प्रत्यक्षात सुई इन्सुलिनच्या सुईइतकीच बारीक असते. अल्प्रोस्टॅडिल, किंवा पापाव्हेरिन आणि फेंटोलामाइन यांच्यासह त्याचे मिश्रण, लिंगाच्या बाजूला टोचल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ताठरता येते. गोळी हरली तेथे बहुधा हेच कामी येते. पहिली मात्रा दवाखान्यातच घ्यावी, आणि ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही तर तडक रुग्णालय गाठावे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

इम्प्लांटचा विचार आपण आत्ता करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते बसवताना आतल्या ऊतींची हानी होते आणि नैसर्गिक ताठरतेची वाट कायमची बंद होते. दोन वर्षे उलटूनही इतर उपायांनी भागले नाही, तर मात्र तो समाधान देणारा मार्ग आहे.

प्रोस्टेट काढल्यामुळे वीर्य आता येणार नाही, हे पत्नीलाही सांगून ठेवावे. कामसुखाची परिसीमा मात्र ताठरतेवाचूनही अनुभवता येते.