डब्यावरची खूण

प्रिय मुली,

कँटीनमधल्या खाण्याच्या नियमांचा तुझा मसुदा वाचला. संस्थेच्या सात शाळांसाठी तू सत्तावीस पानं लिहिलीस. सोडियम मिलिग्रॅममध्ये, संपृक्त मेद टक्क्यांत, सगळं व्यवस्थित. चुका फारशा नाहीत. पण सकाळी साडेसहाला पोह्यांना फोडणी घालणाऱ्या मावशींनी हा कागद हातात घेऊन करायचं काय, ते मला सापडलं नाही.

28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं, त्यात किमान 300 कॅलरी आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं हवीत असंही सांगितलं. पुढे पाचवीपर्यंत 450 आणि 12, आठवीपर्यंत 700 आणि 20 झालं. हे तुला पाठ असणार. पण पातेल्याशी उभं राहून त्याची फोड करून बघ. पाचवीपर्यंतच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. साधारण साडेतीनशे कॅलरी तांदळाच्या, सत्तर डाळीच्या, पंचेचाळीस तेलाच्या. प्रथिनं सातेक ग्रॅम तांदळातून, पाचेक डाळीतून. म्हणजे डाळ घसरली की पोट भरतं, मूल खेळायला पळतं, आणि काही कमी पडलंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी शाळांचं जेवण तपासायला जायचे, तेव्हा एका शाळेत 120 पोरं होती. डाळ लागायची 2 किलो 400 ग्रॅम. स्वयंपाकाच्या ताई डब्याने मोजत, ‘दोन डबे, मॅडम, रोजचे.’ मी डबा काट्यावर ठेवला तर 900 ग्रॅमच. वर्षानुवर्षं आपटून त्याचा तळ आत गेला होता. रोज 600 ग्रॅम डाळ कमी, म्हणजे चौथा हिस्सा, आणि चोरी कुणाचीच नाही! मी शेरा मारायच्या तयारीने गेले होते, लाजले. बाजारातून नवा डबा आणला, डाळ तोलून घातली आणि जिथवर आली तिथे खिळ्याने खूण केली. मेमो पुष्कळ काढले गं आयुष्यात, पण ती खूण माझ्या सगळ्या मेमोंपेक्षा जास्त टिकली.

(चवीच्या नोंदवहीचं मी काय सांगू. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची, सही करायची, हा नियम चांगलाच आहे. पण महिन्याच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या मी इतक्या पाहिल्यात, की आधी शाई बघते, मग आमटी.)

आता तुझं कँटीन. तिथे भीती उलटी. शाळेच्या जेवणात कमी पडू नये ही, कँटीनमध्ये जास्त होऊ नये ही. महाराष्ट्र सरकारने शाळेच्या कँटीनसाठी 2017 मध्ये पदार्थांची नावं घालून यादी काढली होती: चिप्स, नूडल्स, केक, थंड पेयं बंद. नावाच्या यादीतून पळवाट निघते. बाटली गेली, लिंबू सरबत आलं, आणि 200 मिलीच्या पेल्यात चार चमचे साखर. बाटलीतही जवळपास तेवढीच असते. मग केंद्राचे 2020 चे नियम आले. मेद, मीठ, साखर जास्त असलेलं काही शाळेत विकायचं नाही, फाटकापासून 50 मीटरपर्यंतही नाही. ठीक. पण ‘जास्त’ म्हणजे किती, हे कँटीनवाल्याने कशावर मोजायचं? तू तेच टक्क्यांत लिहिलंयस. ते खोडून लिही: एक लिटर सरबताला साखर इतके सपाट चमचे, आणि तो चमचा कँटीनला तूच नेऊन दे.

चिक्कीवर तू सरसकट फुली मारलीस, ते मला पटलं नाही. गूळ भरपूर असतो, खरंय. पण शेंगदाण्यात 100 ग्रॅममागे 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि पोराच्या मुठीत पाच रुपये असतात. पाच रुपयांत फाटकाबाहेर रंगीत बर्फ मिळतो. तुझ्या यादीतला ‘ऋतुमानानुसार फळांचा बाऊल’ मिळत नाही. वडी लहान कर, पण ठेव. बाकी प्रत्येक पदार्थापुढे किंमत लिही, मग तुझं तुलाच कळेल किती पानं उरतात.

पाण्याचं तर तू लिहिलंच नाहीस. मधल्या सुट्टीत नळाला पाणी नसेल तर मूल बाटली विकत घेणार, त्यात काय आहे ते नंतर बघणार.

सोमवारी येतेस ना? पंचायतीचा मोठा काटा नको, तो किलोच्या खाली थरथरतो. सोनाराकडचाही नको, मावशी घाबरतात. माझ्याकडे पाच किलोचा आहे. येताना त्याला सेल तेवढे आण, आणि साडेसहाच्या आत ये, फोडणी पडल्यावर तेल मोजता येत नाही.

– मॅडम