माझ्या पंधरा वर्षांच्या भावाच्या एका वृषणाला पीळ पडून ते काढावं लागलं, तर दुसऱ्यावर परिणाम होतो का? पुढे मूल होतं का?

मला दोन पोरी आहेत आणि गोटी एकच. डावी १९९९ साली कोल्हापुरात गेली.

दहावीत होतो. पहाटे तीनला झोपेतच कळ आली, आधी ओटीपोटात, मग खाली. दोनदा उलटी. लाजेनं आईला फक्त ‘पोटात दुखतंय’ म्हणालो, ही माझी चूक. पुढच्या सगळ्या तात्यांच्या. तात्या म्हणजे थोरले चुलते, उमेदीत तालमीत माती खाल्लेले. त्यांनी बघताक्षणी निकाल दिला, “लंगोट न बांधता बैठका मारल्या असशील, शीर चढलीया.” कोमट तेल लावून चोळलं. बेंबीत हिंग. थोरल्या भावापुढं वडील बोलायचे नाहीत. उजाडल्यावर तात्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेले आणि तांब्याभर धारोष्ण दूध घेऊन आले, “पी, उतरंल.” दुपारी ऑपरेशनच्या वेळी भूल देणारे डॉक्टर त्या दुधावरून वडिलांवर जे खवळले, ते मला अजून ऐकू येतं.

तोवर बारा तास झाले होते. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर बहुतेक वेळा वाचते, चोवीस तासांनंतर क्वचितच. माझी काळीनिळी झाली होती. ती काढली आणि त्याच भुलीत उजवी आतून टाके घालून जागेवर बसवली. यावर तात्या, “चांगली हुती ती कशाला टोचली?”

त्यांना तेव्हा देता आलं नाही ते उत्तर इथं देतो. घंटेच्या लोलकासारखी मोकळी लोंबणारी ठेवण बहुधा दोन्ही बाजूंना असते. म्हणजे दुसरीलाही पीळ पडू शकतो. तुमच्या भावाची दुसरी बसवली का, हे आधी विचारा. नसेल तर बसवून घ्या, बाकीची काळजी नंतर.

मेलेल्या गोटीमुळं शरीर शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि दुसरीही बिघडते, हे उंदरांवरच्या प्रयोगांत ठळक दिसलं. माणसांत तितकं ठाम नाही. शुक्राणूंची संख्या काहींची कमी येते, पण मुलं बहुतेकांना होतात. दाढीमिशा, आवाज, ताकद यांना एक पुरते. २०११ साली लग्नाआधी मी तपासणी केली, दर मिलिलिटरला २.२ कोटी. जागतिक आरोग्य संघटनेची खालची रेषा तेव्हा १.५ कोटी होती. तो कागद मी बायकोला पहिल्याच भेटीत दाखवला, कारण त्याआधी दोन स्थळं “पोरगं अर्धं हाय” या तात्यांच्या वाक्यावर मोडली होती. लपवू नका, पण घरच्या म्हाताऱ्यांनाही सांगत बसू नका.

मी डॉक्टर नाही. भाऊ पंधराचाच आहे, तर वीर्यतपासणीची आत्ता घाई नको, मोठा झाल्यावर त्यालाच ठरवू द्या. क्रिकेट खेळत असेल तर गार्ड मात्र आजपासून. आणि दुसऱ्या बाजूला कधीही दुखलं तर थेट सर्जन. संशय पक्का असेल तर सोनोग्राफीच्या रांगेतसुद्धा वेळ घालवू नका.

गेल्या दिवाळीत तात्यांच्याच नातवाला रात्री कळ आली. पहिला फोन मला. पोरगं अडीच तासांत टेबलावर, दोन्ही शाबूत. रिक्षात तेल चोळलं म्हणून वाचली, असं तात्या सगळ्या गल्लीला सांगतात.