प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला तर चार-पाच वर्षांत खराब होतो का?

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. नुसता क्लॉक, म्हणजे हा वेग, वाढवल्याने सहसा खराब होत नाही. खरं नुकसान करतं ते व्होल्टेज, आणि त्याच्या जोडीला उष्णता. चिपमधल्या अतिसूक्ष्म तारांतून जास्त करंट जात राहिला की धातूचे अणू हळूहळू सरकतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. मग एके दिवशी जुन्याच सेटिंगवर मशीन अडखळायला लागतं.

विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.२ चं १.३५ व्होल्ट केलंत, तर त्याच क्लॉकला खप साधारण २७ टक्के जास्त. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही अस्थिर झाले, कारण व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त जात होतं. कंपनीला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला नियंत्रण करणारा कोड) बदलून वॉरंटी २ वर्षांनी वाढवावी लागली.

आपल्या मुंबईत आणखी एक अडचण. डिसेंबरात पक्कं वाटलेलं सेटिंग मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत तपासा. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तितकाच तापतो. रस्त्यालगत घर असेल तर हीटसिंकमध्ये (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांत) धूळ भराभर बसते, ती दर दोन-तीन महिन्यांनी काढाच.

माझं स्पष्ट मत: व्होल्टेज ऑटोवर सोडू नका, मदरबोर्ड बरेचदा गरजेपेक्षा जास्त देतो. जड काम चालू असताना तापमान ८०-८५ अंश सेल्सिअसच्या आत ठेवा. आणि ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही, हे लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात पैसे मोजण्याआधीच लक्षात घ्या.