चेंबर गळतोय? इंजिन उतरवायची घाई नको

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल हॅचबॅक अकरा वर्षांची आहे. सकाळी पोर्चमधल्या फरशीवर रुपयाएवढे दोन-तीन काळे डाग दिसतात. गॅरेजवाला म्हणतो, चेंबरचे पॅकिंग गेले, इंजिन उतरवावे लागेल. खरेच लागते का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : बहुतेक नाही. आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याचशा छोट्या गाड्यांचा ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारे भांडे) खालूनच निघतो. मात्र गळती चेंबरचीच आहे का, हे आधी ठरवा. ऑइल वरून खाली ओघळते आणि चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टर, क्रँकचा (इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा) पुढचा सील यांपैकी काहीही गळत असले तरी शेवटचा थेंब चेंबरच्या कडेलाच लोंबतो आणि आळ चेंबरवर येतो. इंजिनाची खालची बाजू डीग्रीझरने धुऊन कोरडी करा, कडेवर आणि तिच्या वर टाल्कम पावडर फुंका, 10-15 किलोमीटर गाडी फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन पाहा. पावडर सगळ्यात उंचावर जिथे भिजली असेल, तिथे दोष. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून ठिबकत असेल तर क्रँकचा मागचा सील गेला असण्याची शक्यता जास्त. त्यासाठी बहुधा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गॅरेजवाल्याच्या मनात कदाचित तेच असेल, तेव्हा 'नक्की कुठून गळते ते दाखवा' असे म्हणायला संकोच करू नका.

दोष चेंबरचाच निघाला, तर आधी सामान जमवा : पॅकिंग (किंवा कंपनीने सिलिकॉन सांगितले असेल तर ते), ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, आतल्या स्ट्रेनरच्या (पंप ज्यातून ऑइल ओढतो त्या जाळीच्या) नळीची ओ-रिंग, सायलेन्सरच्या पुढच्या पाइपचे पॅकिंग, नवा फिल्टर आणि ऑइल. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण 3 ते 3.5 लिटर लागते, पण नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातलाच धरा.

इंजिन कोमट असतानाच ऑइल काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, मागच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचे नाही. दोन्ही बाजूंना स्टँड हवेतच. पावसाळ्यात आपल्या अंगणातली तांबडी माती आत दबते, त्यामुळे स्टँडखाली 18-20 मिलिमीटरचे प्लायवूड टाका.

वाटेत पहिला अडथळा सायलेन्सरच्या पुढच्या पाइपचा. त्याचे नट खाऱ्या हवेने गंजलेले असतात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवलात तर स्टड मोडत नाहीत. पाइपात ऑक्सिजन सेन्सर असेल तर त्याची वायर ताणू देऊ नका. गिअरबॉक्सला आधार देणारी खालची पट्टी असल्यास तीही काढा. मग चेंबरचे बोल्ट, बहुधा 10 नंबरच्या गोटीचे, 15-20 तरी असतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन बोल्ट अर्धे सैल करून शेवटपर्यंत राहू द्या, नाहीतर चेंबर उरलेल्या ऑइलसकट तोंडावर येतो. चिकटून बसला असेल तर कोपऱ्यावर रबरी हातोडीचे हलके ठोके द्या आणि सांध्यात पातळ पाते सरकवा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. अॅल्युमिनियमच्या कडेवर पडलेली एक खाच पुढे कायम गळत राहते.

इथवर सगळे सरळ असते. चेंबर दोन इंच खाली येतो आणि अडतो. 'इंजिन उतरवल्याशिवाय निघत नाही' हे वाक्य इथेच जन्माला येते. अडवणाऱ्या गोष्टी बहुधा दोनच. पहिली, क्रँकवरचा तोल राखणारा जड भाग खाली आलेला असतो. पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून, इंजिन फिरते त्याच दिशेने, क्रँक थोडा थोडा फिरवला की एका जागी वाट मोकळी होते. दुसरी, स्ट्रेनरची नळी चेंबरच्या आतल्या पत्र्याला अडते. फटीतून हात घालून नळीचे बोल्ट सोडवा आणि स्ट्रेनर चेंबरमध्येच पडू द्या, मग दोन्ही एकत्र बाहेर येतात. बसवताना नळीची ओ-रिंग नवी घालाच. जुनी राहिली तर पंप हवा ओढतो, आणि गळती थांबूनही ऑइलचा दिवा लुकलुकत राहतो.

आता साफसफाई. खरे काम हेच आणि कंटाळाही याचाच येतो. जुने पॅकिंग प्लास्टिकच्या स्क्रॅपरने काढा. ड्रिलला घासणीची चकती लावून ब्लॉक घासू नका, तिची बारीक धूळ ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचते. पत्र्याचा चेंबर असेल तर कड सरळ पट्टीवर धरून पाहा. पूर्वी कोणी बोल्ट जास्त आवळले असतील तर प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा वर उचललेला दिसेल. सपाट लोखंडावर कड ठेवून हलक्या हातोडीने तो समपातळीत आणा. ब्लॉकमधून थेंब कितीतरी वेळ पडत राहतात, म्हणून शक्य असेल तर गाडी रात्रभर तशीच उघडी ठेवा आणि बसवण्याच्या क्षणी ब्रेक क्लीनरने दोन्ही कडा पुसा.

बुचाचे (कॉर्कचे) किंवा रबराचे पॅकिंग वर धरता धरता घसरते. त्यावर जुन्या मिस्त्रींची युक्ती अजून चालते : चार-सहा भोकांतून शिवणाच्या बारीक दोऱ्याने पॅकिंग चेंबरला बांधायचे, मधले बोल्ट हाताने लावून झाले की दोरे कापून त्या भोकांतही बोल्ट घालायचे. सगळे बोल्ट आधी बोटांनीच फिरवा, मग मधून बाहेरच्या दिशेने, तिरप्या क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत आवळा. या 6 मिलिमीटरच्या बोल्टना बहुतेक गाड्यांत 9 ते 12 न्यूटन-मीटर एवढाच जोर असतो. लांब दांडीचा पाना इथे हातात घेऊच नये.

ऑइल भरून इंजिन चालू केले की काही सेकंदांत दिवा विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा.

प्रश्न : आमच्याकडे जुनी, मागच्या चाकांवर चालणारी जीप आहे. चेंबरच्या बरोबर खाली चासीचा आडवा बीम येतो. तीही खालून होईल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : होईल, पण इंजिन दीड-दोन इंच उचलावे लागेल. दोन्ही बाजूंच्या इंजिन माउंटिंगचे नट सोडा आणि वरून, इंजिनाला असलेल्या हुकांत साखळी घालून उचला. खालून चेंबरलाच जॅक लावता येत नाही, कारण काढायचा तोच आहे. आधी पंख्याभोवतालची जाळी सोडवा, नाहीतर पंखा रेडिएटरात घुसतो. रेडिएटरचा वरचा होज, अर्थची पट्टी, क्लच-अॅक्सिलरेटरच्या केबल आणि सायलेन्सरचा पाइप यांवर ताण येतो का, ते अर्धा-अर्धा इंच उचलत प्रत्येक वेळी पाहा. मनासारखी उंची मिळाली की माउंटिंग आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये सागाचे ठोकळे सरकवून वजन त्यांवर टेकवा. साखळीच्या भरवशावर हात आत घालू नये.

प्रश्न : फेरीबोटीच्या फळीवर चढताना गाडीचे पोट आपटले. चेंबरला खळगा पडला आहे, पण गळत नाही. तसेच चालवू का?
— एक वाचक, चोडण

उत्तर : चालवू नका, निदान तपासल्याशिवाय. चेंबरचा तळ आणि स्ट्रेनर यांत फट थोडीच असते. खळगा नेमका तिथे असेल तर ऑइल ओढायला जागा राहत नाही, आणि चढावर किंवा जास्त वेगात ऑइलचा दाब घसरतो. पत्र्याचा चेंबर काढून, खळगा आतून ठोकून, गंज पाहून परत बसवता येतो. अॅल्युमिनियमचा चेंबर मात्र ठोकल्यावर तडकतो, तो बदललेलाच बरा. एम-सील लावून घर गाठता येते, बस्स. पत्र्याला गंजाने बारीक भोक पडले असेल तर चेंबर काढून, पूर्ण धुऊनच वेल्डिंग करायचे. गाडीवर असताना तिथे वेल्डिंगची ठिणगी नको.

प्रश्न : पॅकिंगला दोन्ही बाजूंनी भरपूर सिलिकॉन लावून दोनदा बसवले. दोन आठवड्यांत पुन्हा गळती. आता काय करायचे?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : सिलिकॉन जरा कमी करा. बूच किंवा रबराच्या पॅकिंगवर ते सगळीकडे फासले की आवळताना पॅकिंग बाहेर सटकते. ते फक्त जिथे तीन भाग मिळतात तिथे, म्हणजे टायमिंग कव्हर आणि मागच्या सीलचे घर ब्लॉकला लागते त्या कोपऱ्यांत, डाळीच्या दाण्याएवढे लावा. कंपनीनेच पॅकिंगऐवजी सिलिकॉन सांगितले असेल तर सुमारे 3 मिलिमीटर जाडीची अखंड रेघ भोकांच्या आतल्या बाजूने ओढा. जास्त झाले तर आतल्या कडेला दोरीसारखे लोंबते, तुटते आणि स्ट्रेनरची जाळी बुजवते.

हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते. जून-जुलैत आपल्याकडे ट्यूब पिळताच त्यावर साय धरू लागते, तेव्हा रेघ ओढल्यावर पाच मिनिटांत चेंबर वर गेला पाहिजे. उलट ऑइल भरायची मात्र घाई नको, ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा. एक रात्र थांबलात तर उत्तम. व्हिनेगरसारखा वास येणारे बाथरूमचे सिलिकॉन इंजिनाला चालत नाही, ते ऑइलपुढे टिकत नाही आणि धातूही खाते.

आणि ब्रीदर (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर जाण्याची वाट) पाहा. त्यातला पीसीव्ही व्हॉल्व्ह काजळीने तुंबला असेल तर इंजिनाच्या पोटातला दाब कुठून तरी बाहेर पडणारच. अशा वेळी नवे पॅकिंगही पुन्हा गळायला लागते. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण काढून पाहा. धूर जोरात वर येत असेल तर आधी तो व्हॉल्व्ह आणि त्याची नळी साफ करा.

प्रश्न : बसवल्यानंतर 500 किलोमीटरने बोल्ट पुन्हा आवळावे का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : बुचाचे पॅकिंग असेल तर एकदा, ठरलेल्या जोरापर्यंतच. सिलिकॉनचा सांधा असेल तर हात लावू नका, घट्ट झालेली रेघ आवळताना तुटते.