तुलना नेमकी कोणाची, हे आधी पाहा

स्पर्धा परीक्षेतील इंग्रजीच्या चूक शोधण्याच्या प्रश्नात ‘दॅन’ दिसताच, त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीच्या गोष्टी आहेत का, हे तुम्ही आधी तपासावे. ‘महाबळेश्वरची हवा नागपूरपेक्षा थंड आहे’ हे वाक्य मराठीत कोणालाच खटकत नाही आणि म्हणूनच ‘द क्लायमेट ऑफ महाबळेश्वर इज कूलर दॅन नागपूर’ हेही आपल्या कानाला बरोबर वाटते. मात्र तेथे हवेची तुलना शहराशी झाल्यामुळे परीक्षक ते चूक धरतो आणि ‘दॅन दॅट ऑफ नागपूर’ अशी रचना मागतो. नाम अनेकवचनी असेल, तर ‘दोज ऑफ’ येते. माझे सुरुवातीचे बहुतेक गुण येथेच गेले.

‘मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र’ यातील दोष अधिक सूक्ष्म आहे: मुंबई स्वतः महाराष्ट्रातच असल्याने ती स्वतःहूनही मोठी ठरते, म्हणून ‘एनी अदर सिटी’ हवे, तेच गुजरातमधील शहरांशी तुलना असती, तर ‘अदर’ची गरज नव्हती. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ यांच्यापुढे ‘दॅन’ऐवजी ‘टू’ येते, एवढे पाठच करावे. ‘मोअर बेटर’मधील दुहेरी तुलनेची चूक तर सहज ओळखू येते.