डोळे ‘काढले’ की डोळ्यांत बाहुली घातली?

पुण्यात मराठी मुलांना चिनी शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. ‘ह्वा लुंग त्येन चिंग’ (लुंग रंगवून डोळ्यांत ठिपका देणे) या चिनी वाक्प्रचाराची गोष्ट वर्गात झाल्यावर एका विद्यार्थ्याने मराठीत सारांश लिहिला, ‘चित्रकाराने ड्रॅगनचे डोळे काढले आणि ड्रॅगन उडून गेला.’ वर्गात हशा पिकला. ताई विचारतात, इथे क्रियापद कोणते घ्यावे? आणि ‘लुंग’ला मराठीत ड्रॅगन म्हणावे, नाग म्हणावे की आणखी काही?

ताई, तुम्ही उच्चार बरोबर लिहिलात याचा आनंद झाला, कारण मी एरवी जिथेतिथे ‘हुआ लाँग डियान जिंग’ ऐकतो आणि कान किटतात. रोमन लिपीत जिथे ‘डी’ लिहितात तिथे चिनी माणूस अल्पप्राण ‘त’ उच्चारतो, आणि ‘टी’च्या जागी महाप्राण ‘थ’. ‘त्येन’ म्हणजे ठिपका देणे, ‘थ्येन’ म्हणजे आकाश. त-थ, च-छ, प-फ हा भेद मराठी मुलाला पाळण्यातच मिळालेला असतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो घोटून घोटून बसवावा लागतो. आपल्या मुलांनी मात्र इंग्रजी स्पेलिंग वाचून हातचे सोडावे, हे मला बघवत नाही. त्यांना वहीत बेलाशक देवनागरीत लिहू द्या.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लियांग राजवंशाच्या काळात (502 ते 557) चांग सेंगयौ नावाचा चित्रकार होता. सम्राट वू बौद्ध धर्माचा मोठा भक्त, त्याने बांधलेल्या विहारांच्या भिंती चांग रंगवत असे. चिनलिंगच्या, म्हणजे आजच्या नानचिंगच्या, आनल विहारात त्याने चार पांढरे लुंग रंगवले, पण डोळ्यांत बाहुल्या, म्हणजे मधले काळे ठिपके, घातल्या नाहीत. घातल्या तर उडून जातील, असे तो सांगे. लोकांना ते खोटे वाटले, त्यांनी आग्रह धरला. त्याने दोघांच्या डोळ्यांत ठिपके दिले. वीज कडाडली, भिंत फुटली, दोन लुंग ढगांवर स्वार होऊन गेले. बाहुल्या नसलेले दोघे भिंतीवरच राहिले. चांग येनयुआनने 847 साली लिहिलेल्या चित्रकारांच्या इतिहासात ही कथा आहे. याच चांग सेंगयौने नानचिंगच्या दुसऱ्या एका विहारात भारतीय पद्धतीने, छायाप्रकाशाने उठाव आणून फुले रंगवली होती, अशीही जुनी नोंद आहे. लांबून फुगीर दिसत, जवळ जाऊन पाहावे तर भिंत सपाट. हे मुलांना जरूर सांगा.

आता ‘काढणे’. त्या विद्यार्थ्याला हसू नये. ‘काढणे’ हे प्राकृतातले ‘कड्ढइ’, म्हणजे ओढणे. रेघ ओढतात म्हणून चित्र काढतात, आणि काटाही ओढूनच काढतात. ‘चित्र काढले’ ठीक, ‘झाड काढले’ म्हटले की कागदावर की मुळासकट असा प्रश्न पडतो, आणि ‘डोळे काढले’ म्हटले की अंगावर काटाच येतो. पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळे ‘काढत’ नाहीत, त्यांची ‘आखणी’ करतात. ती सगळ्यात मुरलेल्या हाताकडे असते आणि बाकीचे रंगकाम उरकल्यावर होते. म्हणून डोळे आखावेत, रेखावेत. पण ताई, इथे तेही पुरेसे नाही. चांगने डोळे रेखलेलेच होते. राहिली होती ती बाहुली.

या शब्दावरून मी कितीही वेळ बोलू शकतो. लोक सर्रास ‘बुबुळ’ म्हणतात. बुबुळ म्हणजे ते रंगीत, गोल कडे. त्याच्या मधला काळा ठिपका ती बाहुली. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातही हा फरक स्वच्छ दिलेला असतो, तरी मोठी माणसे तो विसरतात. आणि बाहुली का? आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला मी वाकलो होतो. खिडकीचा उजेड माझ्या खांद्यावरून येत होता. तिच्या डोळ्यातल्या त्या काळ्या ठिपक्यात एक इवलासा माणूस वाकून उभा होता, हातात बाटली घेऊन. तो मीच. डोळ्यात दिसणारे ते छोटे माणूस म्हणजे बाहुली.

हिंदीत ती पुतली. संस्कृतात कनीनिका, म्हणजे छोटी मुलगी, ‘कन्या’च्याच घराण्यातली. लॅटिनमध्ये पुपिला, म्हणजे लहान मुलगी आणि बाहुलीसुद्धा. ग्रीकमध्ये कोरे, म्हणजे मुलगी. अरबीत ‘इन्सान अल-ऐन’, डोळ्यातला माणूस. आणि चिनीत? ‘थुंग-रन’! ‘रन’ म्हणजे माणूस. ‘थुंग’च्या चिन्हात डावीकडे डोळा आणि उजवीकडे ‘मूल’. चिनी लिपीचे पंडित इथे बजावतात की उजवीकडचे ‘मूल’ केवळ उच्चार दाखवायला आहे, त्यात अर्थ शोधू नका. मला हे मुळीच मान्य नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या हान राजवंशाच्या इतिहासात सेनानी श्यांग यूच्या दुहेरी बाहुल्यांचे वर्णन येते, तिथे डोळ्याची खूण न जोडता नुसते ‘मूल’च लिहिले आहे. इतक्या भाषांना डोळ्यात बाहुली, मुलगी, माणूस दिसावा आणि फक्त चिनी माणसाला त्याच जागी ‘मूल’ योगायोगाने सुचावे, हे कोणी कितीही अधिकाराने सांगितले तरी पटत नाही. छांदोग्योपनिषदात डोळ्यात दिसणाऱ्या पुरुषालाच आत्मा म्हटले आहे. चांगच्या लुंगला बाहुली मिळताच प्राण येतो, तो याच समजुतीतून, असे माझे ठाम मत आहे. मूर्तीच्या प्रतिष्ठेत आपण नेत्रोन्मीलन करतो. चीनमध्ये नव्या सिंहनृत्याच्या मुखवट्याच्या डोळ्यांत हिंगुळाचे लाल ठिपके देतात, आणि नौकांच्या शर्यतीआधी नावेवरच्या लुंगच्या डोळ्यांतही. त्या विधीचे नावही ‘त्येन चिंग’च.

लुंगला काय म्हणावे? राक्षस नको, अजगर तर नकोच. मराठी वर्तमानपत्रांनी ‘ड्रॅगनचा फूत्कार’ छापून छापून मुलांच्या मनात आग ओकणारे जनावर बसवले आहे. चिनी लुंग आग ओकत नाही, पाऊस आणतो. तो राहतो नदीत, समुद्रात, ढगांत. नागाच्या बाजूने मोठा आधार आहे. कुमारजीव या भाषांतरकाराने 406 साली सद्धर्मपुंडरीकसूत्र हा बौद्ध ग्रंथ चिनीत नेला, तेव्हा नाग हा लुंग झाला. बौद्ध आचार्य नागार्जुन झाला ‘लुंग-शू’, म्हणजे लुंग आणि वृक्ष, कारण अर्जुन हे झाडाचे नाव. पण तो रस्ता संस्कृतातून चिनीकडे जाणारा होता. त्याच रस्त्याने उलटे येऊन ‘नाग’ म्हटले, की मराठी मुलाला फणा आणि नागपंचमीची लाही दिसते. चार पाय, शिंगे आणि मिशा असलेला लुंग दिसत नाही.

ड्रॅगन हा शब्दच टाका, असा आग्रह सध्या चीनमध्ये जोरात आहे. 2024 साली, चिनी पंचांगातल्या लुंग-वर्षात, तिथल्या सरकारी माध्यमांनी इंग्रजीतही ‘लूंग’ लिहायला सुरुवात केली. त्यांची तक्रार मला कळते, उपाय पटत नाही. ड्रॅगन हा ग्रीक ‘द्राकोन’. त्याचा संबंध बहुतेक कोशकार ‘पाहणे’ अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी जोडतात, आणि तेच मूळ संस्कृतात ‘दृश्’ म्हणून आहे. दृष्टी, दर्शन, दृश्य आणि ड्रॅगन, सगळी भावंडे! ड्रॅगन म्हणजे रोखून पाहणारा. बाहुली मिळून जो पाहू लागतो त्या लुंगला याहून चपखल नाव कुठून आणणार? वर्गात लुंग म्हणा, मराठी सारांशात ड्रॅगन लिहा, आणि ‘दृश्’ची ही गोष्ट त्याच तासाला सांगा.

एक तंटा मात्र मला मिटवायचाच आहे. या वाक्प्रचाराला ‘दुधात साखर’ हा प्रतिशब्द मी टिपणांत वाचला आहे. तो चूक आहे. साखर नसली तरी दूध हे दूधच असते. बाहुली नसलेला लुंग हा भिंतीवरचा रंग असतो. चिनी माणूस ‘ह्वा लुंग त्येन चिंग’ म्हणतो ते सगळ्या लेखात जीव आणणाऱ्या एका वाक्याला. मराठीत ‘जीव ओतला’ जवळचे आहे, पण जीव ओततात तो सबंध कामात, शेवटच्या एका ठिपक्यात नाही. त्यापेक्षा याच्या उलट अर्थाची ‘सापाला पाय काढले’ ही चिनी म्हण शेजारी ठेवा. जिथे काही लागत नव्हते तिथे घातले आणि काम बिघडले. दोन्ही एकत्र शिकवल्या की कोणत्याच प्रतिशब्दाची गरज उरत नाही.

तर वाक्य असे लिहा, ‘चित्रकाराने डोळ्यांत बाहुल्यांचे ठिपके दिले आणि ड्रॅगन उडून गेला.’ आणि लिहिताना मुलांचे ‘चिंग’ तपासा. त्याच्या डावीकडे ‘डोळा’ आहे, उभ्या चौकटीत दोन आडव्या रेघा. मुले घाईत एकच रेघ देतात, मग डोळ्याचा ‘सूर्य’ होतो आणि चिन्ह वाचले जाते ‘छिंग’, म्हणजे निरभ्र आकाश. जिथे वीज कडाडायला हवी तिथे लख्ख ऊन पडते.