वस्तीत राहणाऱ्या कुटुंबाला पाण्याचा फिल्टर घेऊन दिला तर खरंच फरक पडतो का? आरओच घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की घरी कामाला येणाऱ्या मावशी पंचवटीतल्या वस्तीत राहतात, त्यांच्या नातवंडांचं पोट सारखं बिघडतं, आणि तुम्हाला त्यांना फिल्टर घेऊन द्यायचाय. जरूर द्या. पण आरओ देऊ नका. नाशिकच्या वस्त्यांमध्ये आरोग्यसेविका म्हणून बरीच वर्षं काम केलंय, त्यावरून सांगते.

मूल जुलाबाने पडलं की आधी आईचा खाडा होतो. दोन-चार घरची कामं असतील तर सगळीकडेच. सलाईन लावायची वेळ आली की वडिलांचीही हजेरी बुडते, कारण दवाखान्यात कोणीतरी बसायला लागतं. रिक्षा, तपासणी, औषधं, आणि मग उसनवारी. रोजावर चालणाऱ्या घरात एका आजारपणाने महिना विस्कटतो. शिवाय ज्या मुलाला वरचेवर जुलाब होतात, त्याच्या अंगी अन्न लागत नाही. पावसाळ्यानंतर अंगणवाडीत वजनं घेताना अशी मुलं काट्यावर लगेच ओळखू यायची. वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात, घरगुती फिल्टरमुळे जुलाबाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं असं दिसलं. अर्थात, तो रोज आणि घरातल्या सगळ्यांनी वापरला तर.

आता पाणी बिघडतं कुठे ते बघा. गंगापूर धरणाचं पाणी शुद्ध करूनच सोडलेलं असतं. पण नळ थोडा वेळ येतो आणि जातो. तो गेला की पाइपात दाब राहत नाही, आणि गटारीजवळून जाणाऱ्या पाइपाला कुठे फट असली किंवा जोड ढिला असला तर बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून मी बायकांना सांगायची, पहिली बादली धुण्याभांड्याला घ्या, प्यायचं पाणी नंतर भरा. उरलेली गडबड घरात होते. हंड्यात पेला बुडवायचा, त्याबरोबर बोटंही बुडतात. नळाचं पाणी चांगलं आणि हंड्यातलं खराब, असं कितीतरी घरांत आढळतं. एक साधी चाचणी असते, औषध लावलेल्या छोट्या बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं पडलं तर ते विष्ठेने दूषित असण्याचा संशय धरायचा. आपल्याकडच्याच संशोधकांनी १९८२ मध्ये ती मांडली. हंड्यातलं स्वच्छ दिसणारं पाणी त्या बाटलीत काळं पडलेलं आईने एकदा स्वतः पाहिलं की पुढे फार समजवावं लागत नाही.

म्हणून माझ्या मते गुरुत्वावर चालणारा, दोन कप्प्यांचा आणि खाली तोटी असलेला साधा स्टीलचा कँडल फिल्टर घ्यावा. कँडल म्हणजे वरच्या कप्प्यातली, पाणी गाळणारी सच्छिद्र चिनीमातीची नळी. वीज लागत नाही, नळाची जोडणी लागत नाही, आणि तोटीमुळे पाण्यात हात जात नाही. ही तोटी मला कँडलइतकीच महत्त्वाची वाटते. पाणी उकळायला जाणारा गॅसही बऱ्यापैकी वाचतो.

आरओ का नको? तो मुख्यतः क्षार काढण्यासाठी असतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणं भारतीय मानकात योग्य धरलंय, आणि आपलं धरणाचं पाणी त्याच्या खूप खाली असतं. वर आरओ सहसा जितकं पाणी देतो त्याहून जास्त वाया घालवतो. जिथे एका नळावर रांग लागते तिथे हे परवडणारं नाही. विक्रेते पाण्यात दोन सळया घालून, वीज सोडून पाणी तपकिरी करून दाखवतात, त्याला घाबरू नका. तो रंग लोखंडी सळईचाच असतो. आरओच्या पाण्यात क्षार फारसे नसल्याने वीज नीट वाहत नाही, म्हणून ते पाणी तसं होत नाही. गरीब माणसाला भीती घालून हप्त्यावर मशीन गळ्यात मारतात, याचा मला फार राग येतो. मावशींच्या घरी बोअरचं मचूळ पाणी येत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ते आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या, कारण कँडलने क्षार जात नाहीत.

कँडल जंतू बऱ्यापैकी अडवते, पण विषाणू तिच्यातून निसटतात. पाण्यातून पसरणारी कावीळ त्यांच्यामुळेच होते. म्हणून पावसाळ्यात, किंवा वस्तीत काविळीचे रुग्ण निघाले तर, गाळलेल्या पाण्यात मेडिक्लोर, म्हणजे जंतू मारणारं क्लोरीनचं औषध, टाकून अर्धा तास थांबायचं. किती थेंब ते बाटलीवर लिहिलेलं असतं. औषध गाळल्यावर टाकायचं, कारण गढूळ पाण्यात ते घाणीवरच खर्ची पडतं. मेडिक्लोर हाताशी नसेल तर खळखळून उकळी फुटू द्यायची आणि पुढे मिनिटभर ठेवायचं.

बंद पडलेले फिल्टर मी खूप पाहिलेत. कोणी त्यात डाळ ठेवते, कोणी तो माळ्यावर टाकते. कारण बहुतेक एकच, जुलै-ऑगस्टच्या गढूळ पाण्याने कँडल तुंबते, थेंब थेंब पडतं, आणि घरात सहा माणसं. तेव्हा आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यायचं, वरचं पाणी चार पदरी सुती कपड्यातून ओतायचं. कँडल मऊ ब्रशने नुसत्या पाण्याखाली घासायची, साबण अजिबात नाही. परत बसवताना वायसर घट्ट हवा, नाहीतर न गाळलेलं पाणी बाजूने खाली उतरतं. पाणी अचानक भरभर पडायला लागलं तर खूश होऊ नका, कँडलला तडा गेलाय असं समजून ती बदला.

फिल्टरबरोबर दोन जादा कँडल आणि एक वायसर आत्ताच घेऊन द्या, आणि पहिल्यांदा जोडताना मावशींबरोबर त्यांच्या सुनेलाही बसवा. मावशी दिवसभर कामावर असतात, घरी पाणी भरते ती सूनच.